मैलभर पाण्यापलीकडची पवनचक्की

गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर हे होते. ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नव्हती. भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाल्यावर जे फावल्या वेळचे वाचन सुरू झाले, त्यात ती सापडली. हेच आर्थर त्याआधी कॅनडातल्या अप्पर कॅनडा प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, आणि १८३८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतून नदी ओलांडून आलेल्या एका सशस्त्र टोळीचा निकाल त्यांच्याच सहीने लागला होता, हेही त्याच ओघात कळले. माझा पुतण्या न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी नोकरीला आहे. त्याच्याकडे जायचे ठरले तेव्हा मी कॅनडाचा व्हिसाही काढून घेतला, आणि जायचेच तर ज्या तारखांना ती मोहीम झाली त्याच तारखांना जाऊ, असा हट्ट धरला. नोव्हेंबरात तिकडची बहुतेक ऐतिहासिक स्थळे आतून बंद असतात, हे पुतण्याने आधीच बजावले होते. मला आतले काही पाहायचे नव्हते. मला नदीचा पाट आणि दोन्ही काठ पाहायचे होते.

१० नोव्हेंबर, सिराक्यूज

प्रवासाची सुरुवात घराजवळूनच झाली, कारण मोहिमेची मुळेही इथलीच आहेत. आज सिराक्यूजमध्ये विरून गेलेले सॅलिना हे तेव्हा मिठाचे गाव होते. ओनोंडागा तलावाच्या काठच्या झऱ्यांचे खारे पाणी मोठाल्या कढयांत आटवून मीठ काढायचे आणि ते कालव्याने देशभर पाठवायचे, हा इथला धंदा. १८३६ मध्ये अमेरिकेत उतरलेला निल्स फॉन शूल्ट्स हा तरुण या मिठापायीच सॅलिनात आला. खारे पाणी आटवण्याची नवी पद्धत त्याने शोधली होती आणि तिच्यावर धंदा उभारण्याच्या तो खटपटीत होता. तो स्वतःला पोलंडचा म्हणवत असे. प्रत्यक्षात त्याचा जन्म १८०७ साली फिनलंडमधील कुओपिओचा आणि लष्करी शिक्षण स्वीडनचे. रशियाविरुद्ध १८३१ साली पोलंड लढला तेव्हा मात्र तो खरोखरच तिथे जाऊन लढला होता. पुढे फ्रेंचांच्या परकीय पलटणीतून आफ्रिका, तिथून इटली, तिथे एका स्कॉटिश मुलीशी लग्न, दोन मुली आणि मग संसार मागे ठेवून अमेरिका, असा त्याचा सरळ रेषेत न बसणारा प्रवास आहे.

त्याला मिठावरून बंदुकीकडे वळवणारी हकिकत थोडक्यात सांगायला हवी. डिसेंबर १८३७ मध्ये अप्पर कॅनडात विल्यम लायन मॅकेंझी यांच्या पुढारपणाखाली मूठभर घराण्यांच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि टोरंटोजवळच्या माँटगोमेरी टॅव्हर्नपाशी थोड्याच वेळात मोडला. मॅकेंझी नायगारा ओलांडून अमेरिकेत आले आणि नदीतल्या नेव्ही बेटावर ठाण मांडून बसले. त्यांना रसद पुरवणारी 'कॅरोलाइन' ही आगबोट २९ डिसेंबरच्या रात्री इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी अमेरिकेच्या काठावर येऊन पेटवून दिली आणि त्या चकमकीत एक अमेरिकन माणूस मारला गेला. झाले, सीमेलगतची गावे पेटून उठली. त्यातच १८३७ ची आर्थिक मंदी. बँका बुडालेल्या, कामे बंद पडलेली, तरुण पोरे रिकामी. १८३८ च्या वसंतात व्हरमाँटमध्ये 'हंटर्स लॉज' नावाची गुप्त मंडळी निघाली आणि काही महिन्यांत सीमाभर पसरली. तिच्यात शपथा होत्या, खुणा होत्या, बर्फाळ जोडा, बीव्हर, थोर शिकारी आणि देशभक्त शिकारी अशा चार पायऱ्या होत्या. सप्टेंबरात क्लीव्हलंडला भरलेल्या बैठकीत तर या मंडळींनी अद्याप अस्तित्वातच नसलेल्या कॅनडाच्या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्षसुद्धा निवडून टाकला.

सगळ्या शपथांच्या मुळाशी एकच समजूत होती: पलीकडचे लोक जुलमाखाली पिचलेले आहेत, आपण पाऊल ठेवायचा अवकाश, ते आपल्याला येऊन मिळतील. फॉन शूल्ट्सला यात पोलंड दिसला असावा, असे मला वाटते. ज्याने वॉर्सा पडताना पाहिले त्याला अशी हाक परतवणे अवघड गेले असणार. तलावाच्या काठी मी बराच वेळ उभा होतो. पाणी करडे होते आणि मिठागरांचे म्हणावे असे तिथे फारसे काही दिसत नव्हते.

११ नोव्हेंबर, सॅकेट्स हार्बर आणि सहस्र बेटे

सकाळी निघताना सूनबाईने दशम्यांचा डबा बरोबर दिला, तो पुढचे दोन दिवस पुरला. दुपारच्या आत सॅकेट्स हार्बरला पोचलो. ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्व टोकाचे हे बंदर १८१२ च्या युद्धात अमेरिकेच्या आरमाराचा तळ होते. आता तिथे एक शांत रस्ता, दगडी बराकी आणि गवताचे मोठे पटांगण आहे. १८३८ मध्ये याच तारखेला 'युनायटेड स्टेट्स' नावाची आगबोट इथे थांबली आणि साध्या प्रवाशांच्या वेशातली, सामान मात्र विलक्षण जड असलेली माणसे तिच्यात चढली. वाटेत दोन शिडाची गलबते तिने दोहो अंगांना बांधून घेतली. दोन्ही गलबतांचे नाव 'शार्लट' असे होते, एक ओस्विगोची आणि दुसरी टोरंटोची. तोफा, बंदुका आणि आणखी माणसे त्यांत होती. सगळी मिळून ही फौज चारशेच्या आसपास भरत असावी. या मोहिमेत जे आकडे सांगितले गेले त्यांत हा सर्वांत लहान. लॉजचे सभासद हजारोंनी मोजले जात होते.

तिथून उत्तरेला वळून क्लेटनच्या बाजूने सेंट लॉरेन्स नदीला लागलो. सरोवर संपून नदी सुरू होते त्या भागात शेकडो बेटे विखुरलेली आहेत. म्हणून या भागाला सहस्र बेटे म्हणतात. आयुष्यभर शेताच्या बांधांवरून भांडणारी माणसे पाहिल्यामुळे मला इथली हद्द बघण्याची फार उत्सुकता होती. १७८३ च्या तहात हद्द नदीच्या मध्यावरून जाईल एवढेच लिहिले होते, पण बेटांच्या जाळीत मध्य कुठला हे कोण ठरवणार? शेवटी दोन्ही बाजूंच्या आयुक्तांनी मोजणी करून १८२२ मध्ये रेषा आखली आणि एकही बेट कापायचे नाही असे तत्त्व पाळले. आमच्याकडे दोन भावांच्या वाटणीत विहीर सुद्धा मधोमध कापली जाते. तेव्हा या मोजणीदारांना मी मनोमन हात जोडले. अर्थात पाण्यावर हद्दीचा दगड रोवता येत नाही. त्यामुळे रात्रीच्या अंधारात कोण कुठल्या देशात आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

याचा पुरेपूर फायदा घेतला तो बिल जॉन्स्टन याने. मूळचा कॅनडातला हा माणूस १८१२ च्या युद्धात अमेरिकेकडे गेला आणि पुढे बेटांतल्या चोरट्या व्यापाराचा राजा झाला. १८३८ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्याने वेल्स बेटापाशी 'सर रॉबर्ट पील' ही ब्रिटिश आगबोट अडवली, प्रवाशांना रात्री काठावर उतरवले आणि 'कॅरोलाइनची आठवण ठेवा' असे ओरडत तिला आग लावली. वेल्स बेटाला आता वेलेस्ली बेट म्हणतात. फिशर्स लँडिंगच्या काठावरून समोर एक लहानसे खडकाळ बेट आणि त्यावरचा पांढरा दीपस्तंभ दिसतो. पुढे माफी मिळाल्यावर या जॉन्स्टनला अमेरिकन सरकारने पगारी नोकरी दिली, ती याच रॉक आयलंड दीपस्तंभाच्या रखवालदाराची. म्हणजे जिथे त्याने जहाज जाळले त्याच पाण्यावर जहाजांना वाट दाखवण्याची. पुतण्या हसून म्हणाला, "काका, आपल्याकडे निवडणुकीचं तिकीट दिलं असतं."

१२ नोव्हेंबर, ऑग्डेन्सबर्ग

नदीकाठाने खाली येत दहाच्या सुमारास ऑग्डेन्सबर्गला आलो. ऑस्विगाची नावाची लहान नदी इथे सेंट लॉरेन्सला मिळते. संगमाजवळ १७४९ मध्ये फ्रेंचांनी गढी बांधली होती; १८१३ च्या फेब्रुवारीत नदी गोठलेली असताना इंग्रजांनी समोरच्या प्रेस्कॉटमधून बर्फावरून चालत येऊन हे गाव काबीज केले होते. म्हणजे येणे-जाणे जुनेच आहे. काठावर उभे राहिले की समोर प्रेस्कॉटची घरे सहज दिसतात आणि उजव्या हाताला, नदीच्या उताराकडे नजर नेली की मैलभर पाण्यापलीकडे एक फिकट रंगाचा गोल मनोरा उठून दिसतो. तीच ती पवनचक्की. दुर्बिणीशिवाय तिचे दार दिसत नाही, पण धूर निघाला तर नक्की दिसेल, असा अंदाज मी बांधला.

१२ नोव्हेंबर १८३८ च्या पहाटे दोन्ही गलबते प्रेस्कॉटच्या धक्क्याला लागण्याचा प्रयत्न करून फसली. प्रवाह जोराचा, गावात गजर झालेला. तेव्हा ती खाली वाहत गेली. एक गलबत ऑस्विगाचीच्या मुखाजवळच्या गाळात रुतले. फॉन शूल्ट्स असलेले दुसरे पुढे जाऊन पलीकडच्या पवनचक्कीच्या टोकापाशी लागले, आणि त्याने माणसे व काही तोफा उतरवून चक्की व आसपासची दगडी घरे ताब्यात घेतली. 'युनायटेड स्टेट्स' आगबोट रुतलेल्या गलबताच्या मदतीला धावली तेव्हा 'एक्स्परिमेंट' नावाची छोटी ब्रिटिश युद्धनौका तिच्यावर तोफा डागू लागली. एका गोळ्याने सुकाणूवरच्या माणसाचे डोके उडवले. संध्याकाळपर्यंत अमेरिकन मार्शलने ही आगबोट आणि गलबते जप्त केली, कर्नल वर्थ यांच्या हाताखाली अमेरिकेचे सैन्य आले आणि काठ बंद झाला. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांना इंग्लंडशी युद्ध नको होते. आपल्याच नागरिकांना आवरण्यासाठी त्यांनी सैन्य धाडले होते.

मोहिमेचा मुख्य सेनापती 'जनरल' जॉन वॉर्ड बर्ज हा होता. ऐन वेळी त्याचे पोट बिघडले आणि तो ऑग्डेन्सबर्गलाच राहिला. चक्कीत अडकलेल्यांच्या नेतृत्वाची माळ पडली ती फॉन शूल्ट्सच्या गळ्यात.

मला या काठावर सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते बर्जच्या पोटदुखीने नव्हे. त्या चार-पाच दिवसांत ऑग्डेन्सबर्गच्या काठावर गर्दी लोटली होती. आसपासच्या गावांहून माणसे गाड्या जोडून आली, घरांच्या छपरांवर चढली आणि पलीकडच्या प्रत्येक गोळीबाराबरोबर आरोळ्या देत राहिली. यांतल्या कित्येकांनी हंटर्स लॉजची शपथ घेतलेली होती. पलीकडे गेलेल्यांची संख्या दोनशेच्या आगेमागे राहिली आणि पहिल्या दिवसानंतर ती वाढली नाही. यात्रेतल्या कुस्तीचा फड रंगवणारे लोक असतात, तसे हे लोक. फक्त फडात उतरलेल्याला इथे बाहेर यायला वाट नव्हती. तिथल्या बाकावर बसून दशमी खाताना मी समोरच्या मनोऱ्याकडे पाहत होतो आणि घास काही केल्या उतरेना, हे मान्य करतो.

१३ नोव्हेंबर, पवनचक्की

ऑग्डेन्सबर्ग आणि प्रेस्कॉट यांना जोडणारा झुलता पूल १९६० मध्ये झाला. तो चढताना खाली नदी शिशासारखी दिसत होती आणि एक लांबलचक मालवाहू जहाज मॉन्ट्रियलच्या दिशेने चालले होते. कॅनडाच्या चौकीवरील अधिकाऱ्याने कशासाठी आलात असे विचारले. "पवनचक्की पाहायला," असे मी सांगितले. त्याने एकदा पारपत्राकडे आणि एकदा माझ्या माकडटोपीकडे पाहिले आणि सोडून दिले. ज्या हद्दीवरून दोन राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर आली होती, ती ओलांडायला आम्हाला चार मिनिटे लागली.

पुलावरून उतरून प्रेस्कॉटकडे वळले की थोड्याच अंतरावर नदीच्या बाजूला पवनचक्कीचा रस्ता फुटतो. दार बंद होते, आवार मोकळे होते, आणि आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हते. वेस्ट इंडीजमध्ये व्यापार केलेल्या एका माणसाने १८३२ च्या सुमारास ही चक्की पिठासाठी बांधली. साठेक फूट उंच, दगडी, वर निमुळती होत गेलेली. १८७० च्या दशकात तिचा दीपस्तंभ केला आणि तो शंभरेक वर्षे, १९७८ पर्यंत, जळत होता. आता माथ्यावर दिव्याची काचेरी खोली आहे आणि पंख्यांचा मागमूस नाही. मी सवयीने तिला पावलांनी फेरी घातली. भिंतीची जाडी बाहेरून मोजता येत नाही, पण खिडकीच्या कोनाड्यावरून ती तीन फुटांहून कमी नसावी.

ही जागा कोणी निवडली असेल तर त्याला जमीन कळत होती, असे मोजणीदार म्हणून मी म्हणेन. पाठीशी नदी आणि तिच्याकडे उतरणारा उंच काठ. समोर उघडी शेते, जिथून येणारा माणूस लांबून टिपता येतो. मध्ये दगडी घरे, म्हणजे आयते बुरूज. मात्र पाठीशी नदी ही सोय तेव्हाच, जेव्हा नदीवर आपल्या नावा असतात. नावा गेल्या की हाच काठ पिंजऱ्याची मागची भिंत होतो. सामानगडाचेही असेच आहे. कडे सुंदर आहेत, पण पायथा शत्रूच्या हाती गेला की ते कडे आपल्यालाच अडवतात.

१३ तारखेच्या सकाळी कर्नल प्लोमर यंग यांनी हल्ला केला. त्यांच्याजवळ ८३ व्या पलटणीचे आणि आरमाराचे मिळून शंभराच्या आतलेच कवायती सैनिक होते; बाकी सगळे जवळच्या जिल्ह्यांतले मिलिशियावाले, म्हणजे शेतकरी. ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या शेतकऱ्यांना सोडवायला हे आले होते, तेच शेतकरी बंदुका घेऊन यांच्यावर चालून आले. एकही माणूस येऊन मिळाला नाही. हल्ल्यामुळे बाहेरच्या फळीतले आक्रमक मागे रेटले गेले, काही पकडले गेले, पण चक्की आणि घरे पडली नाहीत. नदीतून कॅप्टन सँडम यांच्या आगबोटी गोळे टाकत होत्या आणि ते गोळे दगडावर आपटून परत फिरत होते. इंग्रजांच्या बाजूची तेरा-चौदा माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली आणि यंग यांनी माघार घेतली. मेलेल्यांत ८३ व्या पलटणीचा लेफ्टनंट जॉन्सन होता. त्याच्या प्रेताची विटंबना झालेली आढळली आणि ती बातमी प्रांतभर पसरली. आपल्या माणसांनी ती केली नाही, असे फॉन शूल्ट्स शेवटपर्यंत सांगत राहिला. काही असो, त्या दिवसानंतर दयेची भाषा करणे अवघड झाले.

चार वाजताच उजेड सरू लागला. वारा नदीवरून येत होता आणि समोरच्या ऑग्डेन्सबर्गमध्ये दिवे लागत होते. त्या रात्री चक्कीच्या खिडक्यांतूनही ते दिवे असेच दिसले असणार.

१४ नोव्हेंबर, प्रेस्कॉट

दिवसभर पाऊस. पुतण्याने हॉटेलच्या खोलीत आपले ऑफिसचे काम उरकले आणि मी छत्री घेऊन फोर्ट वेलिंग्टनला बाहेरून फेरी मारली. गवताच्या तटबंदीमागे दगडी चौकोनी गढी दिसते; ती याच बंडाळीच्या धास्तीने १८३८-३९ मध्ये उभी राहिली. गावातल्या युद्धस्मारकापाशी तीन दिवसांपूर्वीच्या स्मृतिदिनाची पुष्पचक्रे भिजत पडली होती.

१८३८ मध्ये या दिवशी मेलेल्यांना पुरण्यासाठी थोडा वेळ लढाई थांबली. पुढे ऑग्डेन्सबर्गहून 'पॉल प्राय' या छोट्या आगबोटीने अडकलेल्यांना काढून आणण्याचा प्रयत्न झाला. तो करणाऱ्यांत प्रेस्टन किंग हा स्थानिक पुढारी होता. मदत येते आहे या भरवशावर आतल्यांनी जागा सोडली नाही, आणि बोट जवळजवळ रिकामीच परतली. किंगच्या मनाला ते इतके लागले की त्याला काही काळ मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पुढे तो अमेरिकेच्या सेनेटवर गेला. काठावर ओरडणाऱ्यांत निदान एकाला तरी ते ओरडणे पेलले नाही.

मदत आली नाहीच. १६ तारखेला कर्नल हेन्री डंडास यांनी ८३ व्या पलटणीचे चार कंपन्यांइतके सैन्य आणि किंग्स्टनहून जड तोफा आणल्या, आणि दगडी घरे फुटू लागली. आतल्यांचा दारूगोळा आणि अन्न संपत आले होते. अंधार पडता पडता शरणागती झाली. दीडशेहून अधिक माणसे कैद झाली; कित्येकांना अजून मिसरूडही फुटले नव्हते. हे डंडास पुढे लॉर्ड मेलव्हिल झाले आणि दुसऱ्या शीख युद्धात मुलतानच्या वेढ्यावर मुंबईची फौज घेऊन गेले. एकाच साम्राज्याच्या हिशेबवहीत माणसे आणि तोफा कशा या पानावरून त्या पानावर फिरत, याचा हा एक मासला.

१५ आणि १६ नोव्हेंबर, किंग्स्टन

नदीकाठाने शंभरेक किलोमीटर पश्चिमेला गेले की किंग्स्टन लागते. कैद्यांना आगबोटीने इथेच आणले होते. बंदरासमोरच्या टेकाडावर फोर्ट हेन्री आहे. तो तेव्हा नुकताच बांधून पुरा झाला होता. उतरणीवर उभे राहिले की खाली शहर, डावीकडे सरोवर आणि उजवीकडे एक खाडी, असा देखावा आहे. गडावर अशी जागा मिळाली तर आमच्याकडे लोक सहलीला डबे घेऊन येतात. इथे १८३८ च्या हिवाळ्यात लष्करी न्यायालय बसले.

खटल्यांसाठी कायदाही त्याच वर्षी केलेला होता: शांतता असलेल्या परदेशातून शस्त्रे घेऊन येणाऱ्यास लष्करी न्यायालयापुढे उभे करून फाशी देता येईल. आरोपीच्या वकिलाला न्यायालयात बोलण्याची मुभा नव्हती. तो फक्त कानात सल्ला देऊ शके. फॉन शूल्ट्सला सल्ला देणारा किंग्स्टनचा वकील तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याचे नाव जॉन ए. मॅकडॉनल्ड, म्हणजे १८६७ मध्ये कॅनडाचे पहिले पंतप्रधान झालेले तेच. पण अशील सल्ला घ्यायला तयार नव्हता. आपण चुकलो आहोत, तेव्हा गुन्हा नाकारणार नाही, असे म्हणून त्याने तो कबूल केला. तुरुंगातून मित्राला धाडलेल्या शेवटच्या पत्रात त्याने लिहिले की कॅनडाच्या लोकांच्या दुःखाच्या ज्या कथा आपल्याला सांगितल्या गेल्या त्या खोट्या होत्या, आणि आता यापुढे रक्त सांडू देऊ नका. ८ डिसेंबरला त्याला याच गडाच्या उतारावर फाशी दिले. अधिकारी होता म्हणून जागेची एवढी सवलत मिळाली. मृत्युपत्रात त्याने चक्कीपाशी पडलेल्या शत्रूपक्षाच्या सैनिकांच्या विधवांसाठी आणि पोरक्या मुलांसाठी चारशे पौंड ठेवले. मॅकडॉनल्डलाही पैसे देऊ केले होते. त्याने घेतले नाहीत.

या मोहिमेपायी एकूण अकरा जण फासावर गेले, शेवटचा फेब्रुवारी १८३९ मध्ये. लहान वयाच्या बहुतेकांना आर्थर यांनी सोडून दिले. साठ जणांना मात्र 'बफेलो' जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला, व्हॅन डीमेन्स लँड या कैद्यांच्या बेटावर, म्हणजे आजच्या टास्मानियात, पाठवले. त्या बेटावर आर्थर यांनी स्वतः बारा वर्षे कारभार केला होता. तिथल्या पोर्ट आर्थर या कुप्रसिद्ध तुरुंगाला त्यांचेच नाव आहे. कोणाला कुठे धाडतो आहोत याची त्यांच्याइतकी नेमकी माहिती साम्राज्यात दुसऱ्या कोणाला असेल, असे वाटत नाही.

सोळा तारखेला सकाळी सेंट मेरी दफनभूमीत गेलो. फॉन शूल्ट्स तिथे आहे. गवतावर रात्रीचे दव गोठलेले होते. आम्ही दोघे काही न बोलता थोडा वेळ उभे राहिलो, मग पुतण्याने गाडी गरम करायला लावली.

परतीचा रस्ता सहस्र बेटांवरच्या पुलांवरून आहे. पुलाच्या रांगेत थांबलो असताना त्याने विचारले, "काका, सामानगडाच्या वेळी पलीकडून कोणी मदतीला आलं होतं का?"

"नाही. आपल्याकडे उलटं झालं," मी म्हटले. मग त्याला सगळी हकिकत सांगितली. गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींचा कारभार मामलेदारांकडे दिला, म्हणून सामानगडाने दरवाजे बंद केले; ऑक्टोबर १८४४ मध्ये इंग्रजांनी गड घेतला, पाठोपाठ पन्हाळा. बंड सावंतवाडीत पसरले आणि तिथले बंडखोर मोडल्यावर हद्द ओलांडून पोर्तुगीजांच्या गोव्यात गेले. मग आर्थर यांच्या मुंबई सरकारवर शेजारच्या राज्याकडे आपली माणसे मागण्याची पाळी आली, आणि पोर्तुगीजांनी ती लगेच दिली नाहीत.

"म्हणजे तिथं पाणी मध्ये नव्हतं," तो म्हणाला.

"तेरेखोलची खाडी होती," मी म्हटले. एवढ्यात आमची पाळी आली आणि त्याने काच खाली करून दोन्ही पारपत्रे पुढे केली.